बेड मिळेल का?

(दिल्ली आणि आसपास शिक्षण-नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘व्यसन आणि आपला समाज’. तो फार मोठा आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यातला एक तुकडा घेते. तुमच्या घरातला, नात्यातला किंवा शेजारच्या खोलीतला एखादा मुलगा क्रिस्टल मेथ घेतोय. त्याला थांबता येत नाहीये. तीन-चार आठवडे कुठेतरी राहून उपचार घ्यायला हवेत, आणि ती जागा शोधायचं काम तुमच्यावर आलंय. ते कसं करायचं, एवढंच बोलणार आहे.

काम तुमच्यावर येणार, हे नक्की. आपल्या घरात पहिला पदवीधर झाला की तो घराचा वकील होतो, घराचा डॉक्टर होतो, बँकेचे फॉर्म भरणारा होतो. “तू शिकलेली आहेस ना, मग तूच बघ.” ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकल्यात, त्यांच्याकडे अशा वेळी कुणाचा तरी मामा डॉक्टर असतो, कुणाची तरी आत्या एखाद्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असते. एक फोन झाला की बेड मिळतो आणि गवगवाही होत नाही. आपल्याकडे तो मामा नसतो. आपल्याकडे मोबाईल असतो, आणि मोबाईलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिरात येते.

मी अकरा वर्षं सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागात सोशल वर्कर म्हणून काम करते. मूळची परभणी जिल्ह्यातली. औषधं डॉक्टर लिहितात. माझं काम नातेवाईकांशी बोलायचं, बेड शोधायचा, कागद करायचे आणि पेशंट घरी गेल्यावर त्याच्या मागे लागायचं. तेव्हा आज बोलणार आहे ते बाकाच्या या बाजूने पाहिलेलं आहे.

आधी पदार्थाबद्दल थोडं, कारण इथेच गोंधळ होतो. महाराष्ट्रात तुम्ही ‘एमडी’ ऐकता, ते मेफेड्रोन. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ आणि थेट दिल्लीपर्यंत जाऊन दीड हजार किलोहून जास्त माल पकडला, तो हाच. मेथ म्हणजे मेथॲम्फेटामिन. खड्यासारखं दिसतं म्हणून त्याला क्रिस्टल किंवा आईस म्हणतात. ईशान्येत म्यानमारच्या सीमेवरून येणाऱ्या याबाच्या गोळ्यांतही तेच असतं. दोन्ही पदार्थ वेगळे, पण जात एकच: मेंदूला पळवणारे. (जात हा शब्द इथे मुद्दाम वापरला नाही, तोंडात आला. भाषेत किती खोल बसलीय बघा.) झोप उडते, भूक मरते, दोन-तीन दिवस माणूस जागा राहतो आणि आपण जग जिंकलं असं त्याला वाटतं. मग कोसळतो. एमडी आणि मेथच्या उपचाराची पद्धत बरीचशी सारखीच आहे, म्हणून आज बोलतेय ते दोन्हींना लागू धरा.

कोसळणं कसं असतं ते नीट ऐका, कारण ‘किती दिवसांसाठी ठेवायचं’ याचं उत्तर त्यात आहे. पहिले काही दिवस माणूस झोपतो, उठून खातो, परत झोपतो. घरच्यांना वाटतं, सुटलं! त्यानंतर येते ती उदासी. कशातच रस नाही, चिडचिड, जीव नको झालाय, आणि त्याच वेळी पुन्हा घेण्याची प्रचंड ओढ. हे एक-दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. दारू अचानक सोडली तर फिट येऊ शकते, तसं इथे सहसा होत नाही. इथे भीती असते ती जिवाचं बरंवाईट करून घेण्याची. काही जणांना संशय येतो: कुणीतरी मागावर आहे, भिंतीतून आवाज येतायत. असं असेल, किंवा छातीत दुखत असेल, अंग भाजत असेल, मरणाची भाषा असेल, तर कुठलंही केंद्र शोधत बसू नका. जवळच्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत न्या. केंद्र नंतर.

दुसरी गोष्ट. अफूच्या गटातल्या व्यसनांना, म्हणजे हेरॉइन-ब्राऊन शुगरला, ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे, ते वर्षानुवर्षं घेता येतं. मेथसाठी अशी मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. अमेरिकेत दोन औषधं एकत्र देऊन केलेला एक मोठा प्रयोग २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यात औषध मिळालेल्यांपैकी साधारण साडेतेरा टक्क्यांना फायदा दिसला आणि नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांपैकी अडीच टक्क्यांना. म्हणजे आशा आहे, पण रामबाण नाही. झोपेला, संशयाला, उदासीला डॉक्टर औषध देतात, ते द्यायलाच हवं. पण ओढ सांभाळायला शिकवतं ते समुपदेशन, दिनक्रम, घरच्यांचं वागणं आणि वारंवार भेट. म्हणून कुणी फोनवर सांगितलं, “एकवीस दिवसांत गॅरंटीने सोडवतो, आमच्याकडे स्पेशल औषध आहे,” तर तो फोन तिथेच ठेवा.

मग महिनाभर राहून मिळतं काय? माल मिळणारी गल्ली, तो मित्र, तो फोन नंबर, या सगळ्यांपासून लांब राहून सर्वांत वाईट पंधरवडा पार पडतो. झोप जागेवर येते. डोकं इतकं ताळ्यावर येतं की माणूस स्वतःबद्दल बोलू शकतो. महिना एवढंच देतो, आणि ते पुष्कळ आहे.

आता जागा. सरकारी दार आधी ठोठवा, असं मी म्हणते तेव्हा पोरं माझ्याकडे बघतात, ताई जुन्या वळणाच्या आहेत अशा नजरेने. पण ऐका. तुमच्यातल्या कितीजणांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतलीय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. अनुसूचित जातींसाठी ही शिष्यवृत्ती केंद्रात जे सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय चालवतं, तेच मंत्रालय व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रांना अनुदान देतं. नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं, तेही त्याच मंत्रालयाचं. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर रात्र-रात्र बसणाऱ्या आपल्या लोकांना त्याच खात्याकडे हा बेडही असतो हे माहीत नसतं. १४४४६ हा त्यांचा व्यसनमुक्तीसाठीचा टोल फ्री नंबर. लिहून घ्या. तिथे आपल्या जिल्ह्यातलं अनुदानित केंद्र विचारा. १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी. तिथे मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता आईशी कुणीतरी मराठीत बोलणं याची किंमत दिल्लीत राहून तुम्हाला कळली असेल.

याशिवाय मोठ्या सरकारी संस्था आहेत. इथे गाझियाबादला एम्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, पन्नास खाटांचं. चंदीगडला पीजीआय, बंगळुरूला निम्हान्स. दोन्हीकडे व्यसनांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात भरती करतात, आणि काही जिल्हा रुग्णालयांत आता व्यसनोपचाराची सोय झालीय. सरकारी वॉर्डात मुक्काम बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास असतो, कारण मागे रांग असते. मग तिथून पुढचे तीन-चार आठवडे अनुदानित किंवा चांगल्या संस्थेच्या केंद्रात, अशी जोडणी करावी लागते. गावाकडे न्यायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेलच. १९८६ पासून चालू आहे, मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा. पण गावी न्यायचं की नाही हा प्रश्न वेगळा. काहींना घराजवळ बरं वाटतं. काहींना घराजवळच्या चार तोंडांचीच धास्ती असते.

त्या धास्तीबद्दल बोलते. आपल्या वस्त्यांना ‘ते पितातच’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांच्या दारूला जातीचा गुण ठरवलं. स्वतःच्या पेल्याला त्यांनी संस्कृती म्हटलं. खरं तर दारूविरुद्ध लढण्याची परंपरा आपलीच आहे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना लेखी विरोध करणारे जोतीराव होते, आणि महाराष्ट्रात आडव्या बाटलीला मत द्यायला रांगेत उभ्या राहिल्या त्या वस्तीतल्या बायाच होत्या. पण या परंपरेमुळे एक उलटं झालंय. आपला मुलगा अडकला की आपण दुप्पट लपवतो. समाजाचं नाव जाईल, लोक म्हणतील आरक्षणातून गेला आणि बघा काय केलं. लपवण्यात सहा महिने जातात. शेवटी रात्रीत काहीतरी फुटतं, आणि मग सकाळी जाहिरातीतल्या नंबरवर फोन जातो.

असाच एका मुलीने लावला होता. नागपूरकडची, बँकेत क्लार्क, घरातली पहिली पदवीधर. धाकटा भाऊ दिल्लीत मुखर्जी नगरला यूपीएससीची तयारी करायला आलेला. जागून अभ्यास व्हावा म्हणून त्याने रूममेटकडून पहिल्यांदा घेतलं. वर्षभरात अभ्यास संपला आणि जागणं उरलं. तिला जाहिरातीतलं केंद्र मिळालं. ते म्हणाले, महिन्याचे पंचेचाळीस हजार, अर्धे आधी, आणि तुम्ही काळजी करू नका, आम्ही गाडी पाठवतो. गाडीत चार माणसं आली. त्याला खोलीतून उचलून नेलं. तिच्याकडून एका छापील कागदावर सही घेतली होती, तो तिने वाचला नव्हता, कारण ते वाचू देत नव्हते. आठ दिवस फोन नाही. “अभी बात करना ठीक नहीं है.”

आत काय झालं हे त्याने नंतर मला सांगितलं. डॉक्टर आठवड्यात एकदाच येऊन गेले. डोकं भादरलं. तिथे आडनावावरून काही कळेना, म्हणून पहिल्याच दिवशी ‘कॅटेगरी’ विचारली. यूपीएससीवाला आहेस, कॅटेगरी कुठली? त्याने सांगितली. त्या केंद्रात कामांना ‘सेवा’ म्हणत. दुसऱ्या दिवसापासून संडास धुण्याची सेवा त्याची आणि उत्तर प्रदेशातल्या एका वाल्मीकी मुलाची. स्वयंपाकघराची सेवा दुसऱ्यांची. तो मला म्हणाला, “ताई, मला आधी वाटलं हा उपचाराचाच भाग आहे. अहंकार मोडायला करतात म्हणाले.”

अहंकार मोडायला संडास धुवायला लावायचा तर ज्यांचा मोडायचाय त्यांना आधी लावा की. हे माझं तिथल्या मॅनेजरला सांगून झालंय.

आता कायदा. कंटाळा करू नका, हा तुमच्या उपयोगाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारे आजारही आहेत, म्हणून व्यसनमुक्तीची निवासी केंद्रंही त्याच्या कक्षेत येतात. कलम ६५ प्रमाणे राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी नसेल तर केंद्र चालवता येत नाही. कलम १८ सांगतं की उपचार जातीसह कुठल्याही आधारावर भेदभाव न करता मिळाले पाहिजेत. जात हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. कलम २० प्रमाणे सक्तीने काम करवून घेता येत नाही, काम केलं तर मोबदला, आणि सक्तीने डोकं भादरता येत नाही. साखळी, कुठल्याही प्रकारे, कलम ९५ ने बंद. फोन आणि भेटीचा हक्क कलम २६.

भरतीचे दोन मार्ग. सज्ञान माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतः सही करून भरती होतो, आणि जायचं म्हटलं तर त्याला जाऊ द्यावं लागतं. काही ठरावीक कारणं असतील तर डॉक्टर तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवू शकतात. दुसरा मार्ग कलम ८९. ज्याच्या जिवाला किंवा ज्याच्यामुळे दुसऱ्याला धोका आहे, स्वतःची काळजीच घेता येत नाही, अशा माणसासाठी. तेव्हा नातेवाईक अर्ज करतात, पण दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. आणि मंडळाला कळवावं लागतं: पुरुष असेल तर सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. चार माणसं आणि एक गाडी, हा मार्ग कायद्यात कुठेच नाही.

त्या बहिणीने नवव्या दिवशी काय केलं? दोन पानी अर्ज लिहिला, ही कलमं घालून, आणि प्राधिकरण व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दोघांना पाठवला. मोफत वकिलासाठी १५१०० हा नंबर आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्याने. अर्जाची प्रत केंद्राला व्हॉट्सॲपवर पाठवली. संध्याकाळपर्यंत भाऊ फाटकाबाहेर. पैसे परत मिळाले नाहीत. त्यासाठी ती अजून भांडतेय. बँकेतली आहे, सोडायची नाही.

तेव्हा फोन करताना काय विचारायचं ते यातून आलंच. नोंदणीचा क्रमांक सांगा आणि प्रमाणपत्राचा फोटो पाठवा. मनोविकारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री काही झालं तर कुठल्या इस्पितळात नेता. मेथचे पेशंट आधी बघितलेत का, आणि त्यांना काय देता? इथे उत्तरात ‘सगळ्यांना एकच कोर्स’ आलं तर सावध व्हा. घरचे कधी भेटू शकतात. संडास कोण धुतं? हा प्रश्न मी गेली काही वर्षं प्रत्येक केंद्राला विचारते. ज्यांच्याकडे सगळे आळीपाळीने धुतात किंवा पगारी माणूस आहे, ते पटकन सांगतात. बाकीचे विचारतात, “तुम्ही असं का विचारताय?” आणि पैसे भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. आत जाऊ देत नसतील तर परत फिरा.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. उपचार घेणं हा गुन्हा नाही, आणि कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते. आधीच केस झाली असेल तरी एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि माणूस स्वेच्छेने उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मेथ आणि मेफेड्रोन दोन्हींसाठी अल्प मात्रा म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत. पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत, आणि पूर्ण करायला हवेत, अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. सरकारी दार आधी म्हणते, त्याचं हेही कारण. विक्रीचा आरोप असेल तर हे कलम कामाचं नाही, तिथे वकीलच बघा.

नोकरीवाल्यांसाठी एक सूचना. कंपनीचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक पॉलिसींमध्ये व्यसनाचा उपचार वगळलेला असतो. भरतीआधी पॉलिसीतला वगळलेल्या आजारांचा भाग वाचा.

मुलींचं काय, हे मला नेहमी शेवटी विचारतात. मुलींसाठी बेड फार कमी आहेत. मुलगी मेथ घेते हे घरात कळलं तर पहिला विचार उपचाराचा नसतो, लग्न लावून द्यायचा असतो. मेथवर दोन दिवस जागी राहिलेली एक नर्सिंगची विद्यार्थिनी माझ्याकडे तिच्या मैत्रिणीमुळे आली, आईवडिलांमुळे नाही. तिला सामान्य मनोविकार वॉर्डात ठेवलं, स्त्रियांचा वेगळा विभाग होता म्हणून. चालतं. व्यसनाची पाटी नसलेल्या वॉर्डातही व्यसनाचे उपचार होतात, मागितले तर. ती आता पास झाली, ड्युटी करते.

आणि महिन्यानंतर. भरतीच्याच दिवशी पुढच्या भेटीची तारीख मागून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नको. पहिले तीन महिने आठवड्याला एक भेट, मध्ये फोन. जुनी खोली सोडा, सिम बदला. हातात एकदम मोठी रक्कम देऊ नका, पण दहा-वीस रुपयांचा हिशोबही मागू नका. सुईने घेत असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तर सरकारी केंद्रात मोफत होते. परत घेतलं तर? बरेच जण घेतात. त्या रात्री त्याला घराबाहेर काढू नका आणि परत गाडीलाही फोन करू नका. दुसऱ्या दिवशी ओपीडीत आणा, एवढंच.

त्या मुलाने परत घेतलं होतं. सरकारी वॉर्डात चौदा दिवस, मग अनुदानित केंद्रात एक महिना, आणि बाहेर पडल्यावर सातव्या आठवड्यात एकदा. बहिणीचा फोन आला, रडत होती. म्हटलं, गुरुवारी घेऊन या. गुरुवार आमचा ओपीडीचा दिवस. आता दीड वर्ष होईल, तो गुरुवारी येतो, कधी चुकवतो. यूपीएससी सोडलीय की नाही हे मी विचारलेलं नाही.

वेळ झालाय, प्रश्न घेऊ. ज्यांना इथे सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांच्यासाठी मी चहाच्या वेळी मागच्या जिन्यापाशी उभी राहते. “माझ्या एका मित्राला” म्हणून विचारलंत तरी चालेल.